मधला दुभाष्या

'साहेब, याचे पार्ट आता येत नाहीत. नवाच घ्या.' जुना संगणक दुरुस्तीला घेऊन गेलेल्या माणसाने हे वाक्य एकदा तरी ऐकलेले असते. वाक्य खोटे नसते, पण पुरते खरेही नसते. पेटीतला नेमका कोणता भाग गेला, हे त्यात सांगितलेले नसते. नळाचा वायसर झिजला म्हणून कोणी घराची पाइपलाइन उखडत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र एक भाग निकामी झाला की आपण अख्खी पेटी भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवतो. त्याचे फारसे वाईटही वाटत नाही, कारण वस्तू 'जुनी' झालेली असते.

जुने होणे आणि निकामी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला या लेखात सांगायचे आहे. त्यासाठी मी साक्षीदार घेतला आहे तो अगदी किरकोळ वस्तूचा. नव्या पद्धतीची साठवण जुन्या संगणकाला जोडून देणारा, मुठीत मावेल एवढा तुकडा. बाजारात त्याला अ‍ॅडॅप्टर म्हणतात, कोणी कन्व्हर्टर म्हणतात. साधा तुकडा असेल तर काहीशे रुपयांत मिळतो.

संगणकाच्या पोटात हार्ड डिस्क असते. तिच्यात चकचकीत तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्यांच्या वेगाने फिरतात आणि त्यांच्यावरून केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतर राखून वाचणारे टोक सरकत असते. पंखे सोडले तर बाकीच्या पेटीत सतत हलणारे असे फारसे काही नाही. हालचाल आली की झीज आली. त्यामुळे प्रोसेसर धडधाकट, पडदा स्वच्छ, की-बोर्डाची अक्षरे तेवढी पुसलेली, पण हार्ड डिस्क मात्र 'कट-कट' आवाज करू लागली, असे चित्र अनेकदा दिसते. दुकानदाराचे म्हणणे एवढ्यापुरते खरे, की तशीच डिस्क आता मिळत नाही. चाळीस पिनांच्या जोडणीची हार्ड डिस्क बनणे केव्हाच थांबले आहे.

ही चाळीस पिनांची जोडणी आली १९८६ च्या सुमारास. कॉम्पॅक, वेस्टर्न डिजिटल आणि कंट्रोल डेटा या कंपन्यांनी ती घडवली. तिला आयडीई म्हणत, पुढे एटीए म्हणू लागले, आणि १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानकांत तिला स्थान मिळाले. एकाच वेळी अनेक तारांतून माहिती शेजारी-शेजारी धावायची, अशी तिची रचना. वेग वाढत गेला तसा एका तारेतला गोंगाट शेजारच्या तारेत शिरू लागला. मग चाळीस तारांच्या मध्ये आणखी चाळीस निव्वळ आडोशाच्या तारा घालाव्या लागल्या. सेकंदाला १३३ मेगाबाइटपर्यंत मजल गेली आणि तिथे ही पद्धत थकली. २००३ मध्ये साटा ही जोडणी बाजारात आली. तिच्या पट्टीत अवघी सात टोके, माहिती एकामागून एक धावणार, आणि वेगाची सुरुवातच सेकंदाला १५० मेगाबाइटपासून. त्यानंतर फिरणाऱ्या तबकडीची जागा अचल चिपांनी घेतली. २०११ मध्ये अशा चिपांसाठी एनव्हीएमई नावाची नवी बोलीच तयार झाली.

एवढा इतिहास सांगितला तो कंपन्यांच्या बाजूनेही बोलायला हवे म्हणून. जोडण्या बदलल्या त्या केवळ ग्राहकाला लुबाडण्यासाठी, असे म्हणणे अन्यायाचे होईल. बहुतेक वेळा जुनी वाट अपुरी पडली म्हणून नवी काढली गेली. प्रश्न नवी वाट काढण्याचा नाही. जुन्या वाटेवरून येणाऱ्याला नवीवर चढता येईल असा उतार ठेवला की नाही, एवढाच आहे.

हा उतार म्हणजे अ‍ॅडॅप्टर, आणि त्याच्या दोन जाती आहेत. पहिली जात फक्त आकार बदलते. दोन्ही बाजूंची भाषा एकच असते, पिनांची मांडणी तेवढी वेगळी. कॅमेऱ्यात वापरले जाणारे कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड हे याचे उत्तम उदाहरण. सॅनडिस्क कंपनीने १९९४ मध्ये आणलेल्या या कार्डाला जुन्या आयडीईची भाषा जन्मतःच येते. पन्नास टोकांचे कार्ड चाळीस पिनांच्या खाचेत बसवायचे, की जुन्या संगणकाला वाटते आपल्याला हार्ड डिस्कच जोडली आहे. मधल्या पट्टीवर तारांची जुळवाजुळव असते, फारशी अक्कल लागत नाही.

दुसरी जात भाषा बदलते. साटाची डिस्क चाळीस पिनांच्या संगणकाला जोडायची तर एकीकडे शेजारी-शेजारी आलेली माहिती उचलून दुसरीकडे एका ओळीत पाठवावी लागते, आणि उत्तर आले की पुन्हा उलट. बार्शी लाइट रेल्वेची आठवण घरातल्या वडीलधाऱ्यांना असेल. १८९७ मध्ये सुरू झालेल्या त्या अडीच फुटी रुळांच्या गाडीची आणि मोठ्या रुळांच्या गाडीची गाठ कुर्डुवाडीला पडे. एका गाडीतले पोते दुसरीत नेण्यासाठी तिथे हमाल लागत, कारण डबा काही रूळ बदलू शकत नव्हता. दुसऱ्या जातीच्या अ‍ॅडॅप्टरवर बसवलेली छोटी चिप हे त्या हमालाचेच काम करते. हमाल चांगला असेल तर माल शाबूत पोहोचतो. म्हणून या जातीच्या वस्तूत अगदी स्वस्ताच्या मागे जाऊ नये.

ही दोन जातींची ओळख नसली की पैसे वाया जातात. आज एम-टू नावाची, च्युइंगगमच्या पट्टीसारखी साठवण मिळते. एकाच आकाराच्या दोन पट्ट्यांपैकी एक साटाची भाषा बोलते, दुसरी एनव्हीएमईची. साटावाल्या पट्टीला जुन्या साटा संगणकात बसवायला नुसता आकार बदलणारा तुकडा पुरतो. दुसरी त्याच तुकड्यात घातली तर मुकी राहते. तिला वेगळ्या खाचेचा अ‍ॅडॅप्टर मिळतो, पण जुन्या संगणकाला सुरू होताना ही बोली समजत नसेल, तर त्या पट्टीवरून तो उघडतच नाही. दुकानात 'बसेल का' एवढे विचारून भागत नाही. 'बोलेल का' हेही विचारावे लागते.

याहून मोठी मर्यादा संगणकाच्या मोजण्यातच असते. सुरुवातीच्या अनेक संगणकांना डिस्कवरची जागा तीन आकड्यांनी मोजायची सवय होती: १०२४ वर्तुळे, १६ टोके, ६३ कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात ५१२ बाइट. गुणाकार करून पाहा. उत्तर येते ५२ कोटी ८४ लाख ८२ हजार ३०४ बाइट, म्हणजे साधारण ५२८ मेगाबाइट. त्यापलीकडे काही आहे, हे त्या संगणकाच्या गावीही नसे. पुढे ही भिंत ८.४ गिगाबाइटवर गेली, नंतर १३७ गिगाबाइटवर. ती ओलांडण्याची सोय २००२ च्या मानकात झाली. जुन्या रिक्षाच्या मीटरला आकड्यांची घरेच कमी असावीत, तसा हा प्रकार. त्यामुळे जुन्या संगणकासाठी मोठ्यात मोठी साठवण विकत घेणे हा शहाणपणा नव्हे. त्याला जेवढे मोजता येते, तेवढेच त्याच्या ताटात वाढावे.

काही गमतीही असतात. २०१६ च्या सुधारित साटा मानकात विजेच्या तिसऱ्या पिनेला नवे काम दिले गेले: तिथे वीज आली की डिस्कने झोपायचे. आधीच्या काळातले वीजपुरवठा करणारे डबे त्याच पिनेला इमानेइतबारे ३.३ व्होल्ट देत होते. परिणाम असा, की नवी कोरी मोठी डिस्क जुन्या संगणकात लावली तर काही वेळा फिरतच नाही, आणि ग्राहक ती बिघडलेली समजून परत करतो. त्याहून जुन्या, चार तारांच्या प्लगावरून वीज घेतली तर ती मुकाट चालू लागते, कारण त्या प्लगात ३.३ व्होल्टची तारच नसते. नव्याचा आजार जुन्यातल्या जुन्याने बरा करावा, असे हे औषध. दुरुस्ती करणाऱ्याचे ज्ञान यालाच म्हणतात. ते कुठल्या माहितीपत्रकात छापलेले नसते.

पण एवढा खटाटोप करायचा कशासाठी? नवा संगणक घेणे सोपे नाही का? ज्याला फक्त पत्र लिहायचे आणि सिनेमा पाहायचा, त्याला सोपे आहेच. अडचण तिथे येते, जिथे जुन्या संगणकाशी दुसरे काही बांधलेले असते.

तालुक्याच्या गावचा एक छापखाना माझ्या परिचयाचा आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, जत्रेची हँडबिले, गावच्या हौशी मंडळींचे दिवाळी अंक असे सारे तिथे छापले गेले. तीन दशकांचा हा मजकूर एका जुन्या मराठी अक्षरजुळणीच्या प्रणालीत आहे. प्रिंटरच्या मागच्या खाचेत कुलपाचा एक ठोकळा लावल्याशिवाय ती प्रणाली उघडत नाही, आणि नव्या संगणकांना ती खाचच नसते. त्या डिस्कने आचके द्यायला सुरुवात केली, तेव्हा मालकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. तंत्रज्ञ पोरगा तिशीच्या आतला. तो म्हणाला, 'अण्णा, मशीन गेलेलं नाही. त्याची वही फाटत आलीय. नवी वही शिवून देतो.' त्याने आधी जुनी डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून तिची हुबेहूब नक्कल काढली, ती एका छोट्या फ्लॅश कार्डावर उतरवली आणि मधे आकार बदलणारा तुकडा घालून कार्ड जागेवर बसवले. संगणक पहिल्यासारखा उघडला, फक्त आवाज न करता. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'आता याच्यातलं सगळं बाहेर काढायला घ्या.'

अण्णांचे हे दुसरे वाक्य मला अधिक महत्त्वाचे वाटते. मराठीच्या दृष्टीने ही गोष्ट एका छापखान्यापुरती नाही. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक १९९१ मध्ये आले. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड संगणकाच्या पोटातल्या ज्या खाचेत बसत असे, ती खाच आजच्या घरगुती संगणकांत नसते. पुढे अक्षरजुळणीसाठी निरनिराळ्या कंपन्यांचे फाँट आले. त्यांतल्या अनेकांची सांकेतिक रचना आपापली होती, त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्यात उघडला की पडद्यावर खिचडी दिसे. युनिकोडचा वापर सरसकट होईपर्यंत मराठीत जे टंकलिखित झाले, त्यातले बरेच अशा जुन्या पेट्यांत अडकून आहे. त्या पेटीची डिस्क गेली आणि आपण पेटी भंगारात दिली, तर मजकूर गेला. मजकूर उरला पण प्रणाली गेली, तरी तो वाचता येईलच असे नाही. एका तुकड्याने पेटी आणखी काही वर्षे जगते, आणि त्या मुदतीत मजकूर युनिकोडमध्ये आणून सुरक्षित ठेवता येतो. अ‍ॅडॅप्टरने दिलेली ही सवलत आहे, अमरपट्टा नव्हे.

जुन्या यंत्राला नवी साठवण देणे हा काही केवळ गरिबीतला उपाय नाही. हबल दुर्बीण १९९० मध्ये अवकाशात गेली, तेव्हा तिच्यावर फिरत्या फितीचे रेकॉर्डर होते. फेब्रुवारी १९९७ च्या मोहिमेत अंतराळवीरांनी त्यातला एक काढून अचल चिपांचा रेकॉर्डर बसवला. त्यात फितीच्या दहापट माहिती मावत होती. दुर्बिणीचा मुख्य संगणक मात्र तेव्हा जुनाच ठेवला होता. तो बदलला डिसेंबर १९९९ मध्ये. अमेरिकेच्या अण्वस्त्र दलाच्या संदेशयंत्रणेत सत्तरच्या दशकातले आयबीएमचे संगणक आठ इंची फ्लॉपीवर चालत होते. २०१९ मध्ये त्या फ्लॉपींच्या जागी अचल साठवण आली, आणि संगणक तेच राहिले. कशिदाकारीच्या कारखान्यांतही हेच दिसते. यंत्राचे सुईकाम उत्तम, पण नक्षी भरायची ती फ्लॉपीवरून, आणि फ्लॉपी मिळत नाही. मग फ्लॉपीच्या जागी तिचे सोंग घेणारा डबा बसवतात आणि त्यात पेन ड्राइव्ह खोचतात. लाखोंचे यंत्र तेवढ्यावर पुढे चालते.

घरगुती वापरातही याचा उपयोग आहे. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या बहुतेक लॅपटॉपांत साटाची डिस्क असते. ती काढून साटाचीच अचल साठवण लावायची तर कसलाही तुकडा लागत नाही. डीव्हीडीची खाच रिकामी पडून असेल, तर तिच्या मापाची एक चौकट मिळते आणि तिच्यात दुसरी डिस्क बसते. एवढ्या बदलाने मिनिटे घेणारा संगणक सेकंदांत उघडू लागतो, आणि घरातल्या शाळकरी मुलाला आणखी काही वर्षे पुरतो.

तरीही या प्रकरणात डोळे उघडे ठेवले पाहिजेत. नवी साठवण जुन्या संगणकाला तरुण करत नाही. वाट जुनी असेल तर माल जुन्याच वेगाने येणार. विंडोज एक्सपीसारख्या प्रणालीला अचल साठवणीतली मोकळी जागा झाडून घेण्याची सूचना देता येत नाही. विंडोजमध्ये ती सोय २००९ च्या सातव्या आवृत्तीपासून आली. शिवाय एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. छापखान्यातला तो जुना संगणक इंटरनेटला जोडू नये, त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत, आणि त्यातल्या प्रत्येक गोष्टीची प्रत दुसरीकडे ठेवावी. जे यंत्र विनाकारण वीज खाते आणि ज्याच्यावर कोणाचे काही अडलेले नाही, त्याला निरोप देण्यातही कमीपणा नाही. जुने ते सोने हा माझा आग्रह नाही. टाकण्यापूर्वी निदान करावे, एवढाच आहे.

मला खरी काळजी वाटते ती जुन्या संगणकांची नसून नव्यांची. चाळीस पिनांच्या त्या पेट्या आज जगवता येतात याचे कारण त्यांची जोडणी छापील मानकात होती, कोणीही ती वाचून मधला तुकडा बनवू शकत होता, आणि डिस्क चार स्क्रू काढले की हातात येत होती. आजच्या अनेक पातळ लॅपटॉपांत साठवणीच्या चिपा मुख्य पट्टीवरच डाखलेल्या असतात. खाच नाही, पिना नाहीत, म्हणून अ‍ॅडॅप्टर जोडणार तरी कशाला? चिप गेली की पट्टी गेली, आणि पट्टी गेली की लॅपटॉप गेला. तीस वर्षांपूर्वीच्या यंत्राला जी संधी आपण आज देऊ शकतो, ती आजच्या यंत्राला दहा वर्षांनी देता येणार नाही. पातळपणा आणि वेग यांसाठी ही किंमत आपण मोजतो आहोत, पण ती पावतीवर लिहिलेली नसते.

कचऱ्याच्या ढिगावर मात्र ती दिसते. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला. त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. आपल्याकडे २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये समिती नेमली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात संकेतस्थळही सुरू केले. पावले योग्य दिशेची आहेत. पण कचरा झाल्यावर त्याचे काय करायचे, यापेक्षा तो होऊच नये यासाठी यंत्र कसे असावे, हा आधीचा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर मोठ्या खरेदीदारांच्या हातात आहे. शाळा, ग्रामपंचायती, सहकारी बँका, सरकारी कार्यालये शेकड्याने संगणक घेतात. निविदेत एक ओळ घालायला काय हरकत आहे, की साठवण काढता-घालता येणारी असावी आणि तिची जोडणी सर्वमान्य मानकाची असावी? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत छोटेछोटे तुकडे विकणारे आणि त्यांचा उपयोग जाणणारे लोक अजून आहेत. त्यांच्या हातांना काम उरायचे असेल, तर उघडता येतील अशा वस्तू बाजारात असल्या पाहिजेत.

आणि आपण घरगुती ग्राहक? पुढचा लॅपटॉप घेताना रंग, वजन, कॅमेरा हे सगळे जरूर पाहावे. त्यानंतर विक्रेत्याला विचारावे की यातली साठवण उद्या बिघडली तर ती काढता येईल का, तिच्या जागी दुसऱ्या कंपनीची बसेल का, आणि हे काम गावातला कारागीर करू शकेल का. समोरचा माणूस गोंधळला तरी हरकत नाही. रोज दहा गिऱ्हाइकांनी हेच विचारले, तर महिनाभरात त्याला उत्तर शोधून ठेवावेच लागेल.